लोण्याचा आळ

शार्डोने या पांढऱ्या द्राक्षावर गेली तीस-पस्तीस वर्षे एक आरोप आहे. या द्राक्षाला अंगची चव नाही. त्याच्या वाइनमध्ये जे लागते ते लोणी, व्हॅनिला आणि भाजलेले लाकूड. 1990च्या दशकात इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘शार्डोने सोडून काहीही चालेल’ अशी घोषणाच रूढ झाली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सर्वांत पुढे उभे राहिले कॅलिफोर्निया. त्यावर त्याच राज्यातून एक बचाव आला: सोनोमा परगण्याच्या थंड किनारपट्टीवरची शार्डोने चाखा, तिथे लोणी नाही, लाकूड नाही, अल्कोहोल कमी आणि वर समुद्राच्या मिठाची झाक. बचाव ऐकायला छान आहे, दुकानात खपतोही. पण त्याची चारही कलमे कच्ची आहेत. सोनोमा किनाऱ्यावरच्या नावाजलेल्या कित्येक वाइन लाकडी पिंपात आंबवलेल्या असतात, ज्या प्रक्रियेवर लोण्याचा आळ घेतला जातो ती प्रक्रिया त्यांच्यात पूर्ण झालेली असते, आणि त्यांतल्या काहींचे अल्कोहोल 14 टक्क्यांच्या वर असते. तरीही त्या जड लागत नाहीत. याचे कारण थंड समुद्राने द्राक्षात राखलेले आम्ल. आरोप करणारे आणि बचाव करणारे, दोघांनीही या एका गोष्टीकडे काणाडोळा केला आणि पिंपाला व जिवाणूला धरून बडवले.

आरोपातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. सुगंधाच्या बाबतीत शार्डोने मितभाषी आहे. मस्कतच्या द्राक्षात फुलांचा वास देणारी टर्पीन द्रव्ये भरपूर असतात, सोव्हिन्यों ब्लांला हिरव्या मिरचीसारखा वास देणारी पायराझिन द्रव्ये असतात. शार्डोनेजवळ असे काही नाही. 1999 साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून दाखवले की ही जात पिनो आणि गुए ब्लां यांच्या संकरातून आली. पिनो ही बर्गंडीची मानाची जात, तर गुए ब्लां साध्या शेतकऱ्यांच्या बागांत वाढणारी आणि हलकी समजली गेलेली. पण वास मंद असणे वेगळे आणि चव नसणे वेगळे. शाब्ली आणि मर्सो दोन्ही बर्गंडीतली, दोन्हीकडे शार्डोनेच, मधले अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. तरी सरावलेला माणूस एकीला दुसरी समजत नाही. द्राक्ष स्वतः कमी बोलते म्हणून फळाचा पिकलेपणा, आम्ल आणि तळघरातली प्रत्येक हालचाल त्यात उघडी पडते. यावरून आरोपकर्ते म्हणतात की मग सगळी चव माणसानेच घातलेली. हे निम्मे बरोबर आहे. माणसाच्या कोणत्या कृतीने काय घडते, हे मात्र ते उलटेपालटे सांगतात.

लोण्यापासून सुरुवात करणे योग्य, कारण गैरसमज तिथेच सर्वांत दाट आहे. द्राक्षरसात दोन मुख्य आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक म्हणजे कच्च्या सफरचंदातले आम्ल. यीस्टने साखरेचे अल्कोहोल केल्यानंतर इनोकॉकस ईनी हे जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्यातले आम्ल. मॅलिकच्या रेणूत आम्लाचे दोन गट असतात, लॅक्टिकच्या रेणूत एक. त्यामुळे वाइनचा आंबटपणा उतरतो आणि ती जिभेला मऊ लागते. या प्रक्रियेला मॅलोलॅक्टिक किण्वन म्हणतात, आणि ‘लोणकट शार्डोने’चे सगळे खापर तिच्यावर फुटते. इथपर्यंत मात्र लोण्याचा काही संबंध आलेला नाही. लोण्याचा वास देणारे द्रव्य डायअसेटिल. ते मॅलिकपासून होत नाही. रसात थोडेसे सायट्रिक आम्लही असते, ते खाताना हेच जिवाणू डायअसेटिल सोडतात. शार्डोनेत ते लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम असले तरी नाकाला कळू शकते. काबर्ने सोव्हिन्योंच्या लाल वाइनमध्ये ते कळायला त्याच्या दहापटीहून जास्त लागते. म्हणजे द्राक्ष मितभाषी असल्याची किंमत शार्डोने इथे मोजते.

तरीही जे तयार झाले ते टिकतेच असे नाही. वाइन यीस्टच्या गाळावर ठेवली तर यीस्ट हेच डायअसेटिल हळूहळू असेटॉइन आणि पुढे ब्युटेनडायॉल यांत बदलते, आणि या दोहोंना लोण्याचा वास जवळजवळ नसतो. मॅलोलॅक्टिकचे जिवाणू यीस्टच्या जोडीनेच आधी सोडले तर डायअसेटिल साठायलाही फारशी सवड मिळत नाही. बर्गंडीत आणि सोनोमाच्या चांगल्या वायनरींत वाइन महिनोन्महिने याच गाळावर राहते. पिंपाच्या बुचाच्या भोकातून टोकाशी वाकवलेली लांब सळई आत जाते, तळाशी बसलेला पिवळट साका वर उठतो, आणि निवळ झालेली वाइन पुन्हा ताकासारखी गढूळ होते. काही ठिकाणी हे ढवळणे आठवड्याला होते, काही ठिकाणी अजिबात नाही. गाळ मात्र राहतो आणि आपले काम करतो. ज्याला बाटलीत लोणीच हवे आहे तो उलटे करतो. जिवाणूंचे काम संपते न संपते तोच गाळ वेगळा काढतो, सल्फर डायऑक्साइड घालून यीस्ट-जिवाणू दोघांनाही थोपवतो, आणि डायअसेटिल होते तसे कोंडून ठेवतो. तेव्हा लोणी हे मॅलोलॅक्टिकचे अटळ फळ नव्हे. ती प्रक्रिया ठरावीक क्षणी तोडल्याचा तो परिणाम आहे. ‘आमच्या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक नाही’ असे अभिमानाने छापणारे लेबल चोर सोडून संन्याशाला सुळी देते.

लाकडाचेही असेच. ओकच्या पिंपातून व्हॅनिलिन येते, नारळासारख्या वासाचे लॅक्टोन येतात, आणि पिंप आतून भाजलेले असल्यामुळे धुराची, भाजलेल्या पावाची छटा येते. म्हणून समजूत अशी की पिंपात जितके जास्त काम, तितकी वाइन लाकडी. प्रत्यक्षात रस पिंपातच आंबवला तर वाइन कमी लाकडी लागते, आणि स्टीलच्या टाकीत आंबवून नंतर पिंपात भरली तर जास्त. कारण पुन्हा यीस्ट. आंबत असताना ते व्हॅनिलिनचे रूपांतर जवळपास बिनवासाच्या व्हॅनिलिल अल्कोहोलमध्ये करते, आणि उरलेल्या लाकडी द्रव्यांपैकी काही गाळ शोषून घेतो. पिंपाचे वयही पाहावे लागते. बर्गंडीच्या 228 लिटरच्या पिंपात तीन-चार हंगाम वाइन भरून झाली की ते चव देण्यापुरते बहुतेक संपते. पुढे त्यातून हवेचा सूक्ष्म वावर तेवढा होतो. स्वस्त शार्डोनेला व्हॅनिलाचा भपका येतो तो बहुधा पिंपातून येतच नाही. स्टीलच्या टाकीत ओकच्या चिपा किंवा फळ्या सोडल्या की काम भागते; अमेरिकेत तशी मुभा आहे आणि युरोपीय संघानेही 2006मध्ये ती दिली. खऱ्या पिंपाचा खर्च आणि त्यात गुंतणारा वेळ ज्याला परवडतो, तो सहसा व्हॅनिला विकायला बसलेला नसतो.

आरोपपत्रात एक कलम घालायचे राहून गेले आहे, आणि तेच सर्वांत वजनदार आहे: साखर. 1982 सालच्या केंडल-जॅक्सन व्हिंटनर्स रिझर्व्ह शार्डोनेचे किण्वन मध्येच अडकले आणि वाइनमध्ये थोडी साखर उरली. ग्राहकांनी ती उचलून धरली, आणि अपघात ही पुढे कृती झाली. 1992 साली ही कृती कंपनीचे व्यापारी गुपित आहे का, हा वाद न्यायालयात गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. ज्या चवीला पुढे सगळे जग ‘कॅलिफोर्नियाची शार्डोने’ म्हणू लागले, तिच्या मुळाशी अशी न्यायालयाने मान्य केलेली पाककृती आहे. डायअसेटिल, व्हॅनिला आणि उरलेली साखर एकत्र आली की मिठाईच्या दुकानाचा भास होतो. त्यांतली साखर काढली तर उरलेली दोन बरीच सोशीक होतात. ‘लोणी नको’ म्हणणाऱ्या ग्राहकाला पुष्कळदा साखर नको असते. त्याला ते सांगायचे कोणी नाही, कारण पांढऱ्या ‘ड्राय’ वाइनमध्ये साखर आहे हे कबूल करायला विक्रेता धजत नाही.

आता थंडी. किनारा म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दमट उकाडा येतो, कारण कोकणापुढचा अरबी समुद्र बहुतेक वर्षभर 26 ते 30 अंश सेल्सिअस असतो. सोनोमापुढचा पॅसिफिक महासागर भर उन्हाळ्यातही 10 ते 13 अंशांच्या आसपास राहतो. उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह मुळातच थंड. त्यावर वायव्येचे वारे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खोलातले गार पाणी वर येते. दिवसा आतल्या सखल प्रदेशात हवा तापून वर चढली की ती पोकळी भरायला समुद्रावरची गार, ओली हवा आत ओढली जाते. तिच्यात धुके असते. रात्री ते खोऱ्यांत भरते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा सकाळी विरते. आतल्या खोऱ्यांत पारा 35 अंशांच्या पुढे असताना बोडेगा बे इथे माणसे स्वेटर घालून हिंडतात. पेटालुमाच्या पश्चिमेला किनारी डोंगररांगेत जी खिंड आहे तिच्यातून हा वारा इतक्या जोराने घुसतो की पेटालुमा गॅप हा प्रदेश 2017 साली प्रामुख्याने वाऱ्याच्या आधारावरच आखला गेला. वारा जोराचा झाला की वेल पानांवरची रंध्रे मिटून घेते, साखर बनवण्याचे काम मंदावते आणि काढणी लांबते.

इथेही विक्रेत्याचे चित्र सरधोपट आहे. ‘धुक्यात भिजलेली बाग’ हे वाक्य किनाऱ्याच्या सर्वांत नावाजलेल्या पट्ट्याला लागू होत नाही. फोर्ट रॉस-सीव्ह्यू या प्रदेशातल्या बागा साधारण 920 ते 1,800 फूट उंचीच्या कड्यांवर आहेत, म्हणजे धुक्याच्या वर. 1812 ते 1841 या काळात इथे रशियन वसाहत होती आणि रशियनांनी 1817 साली द्राक्षवेली लावल्याची नोंद आहे. पण आजच्या अर्थाने बागा आल्या त्या 1970च्या दशकापासून. डेव्हिड हर्श यांनी 1980 साली मेंढ्या चरून उजाड झालेल्या कड्यावर लागवड केली, फ्लॉवर्स दांपत्याने 1989 साली जमीन घेतली. खाली समुद्रावर धुक्याचा पांढरा पत्रा पसरलेला आणि वर निळ्या आकाशाखाली बाग, हे तिथले नेहमीचे दृश्य. उष्ण हवेचा थर वर असल्याने कड्यावरच्या रात्री खालच्या खोऱ्यापेक्षा उबदार असतात. म्हणजे ‘दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी’ हे वर्णन आतल्या रशियन रिव्हर व्हॅलीला शोभते, कड्याला नाही. कड्यावर दिवसाचा पारा फार चढत नाही आणि रात्रीचा फार उतरत नाही, त्यामुळे पिकण्याची गती संथ आणि एकसारखी राहते. शिवाय फुलोऱ्याच्या वेळी गार वारा लागला की मणी नीट धरत नाहीत. घड हातात घेतला तर एका बाजूला वाटाण्याएवढे मणी आणि त्यांच्यामध्ये मिरीएवढे, बिनबियांचे शॉट बेरीज दिसतात. टेबलाच्या द्राक्षात असा घड बागायतदार टाकून देईल. जुन्या वेंटी जातीच्या शार्डोनेत हे हमखास होते, आणि वाइनमेकर त्यावर खूश असतात. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त आणि चव एकवटलेली. उत्पन्न घटते, ही दुसरी बाजू.

या सगळ्याचा परिणाम आम्लावर होतो. मणी पिकताना वेल मॅलिक आम्ल श्वसनात जाळते, आणि हे जळणे उष्णतेने वाढते; टार्टारिक तुलनेने टिकते. उष्ण जागी साखर हवी तितकी चढेपर्यंत मॅलिक संपत आलेले असते. नाशिकच्या वाइन-द्राक्ष बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. तिथे ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीअखेर ऊन तापले की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, झपाट्याने चढतो, आम्ल त्याहून झपाट्याने उतरते, आणि काढणी पहाटे उरकावी लागते. सुला वाइनयार्ड्सला सुरुवातीपासून सल्ला देणारे केरी डॅमस्की हे सोनोमातलेच वाइनमेकर. नाशिकात त्यांच्या हाताखाली पहिल्या बाटल्या भरल्या गेल्या त्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लांच्या, शार्डोनेच्या नव्हेत. सोनोमाच्या कड्यावर शार्डोने सप्टेंबरमध्ये, कधी ऑक्टोबर उजाडल्यावर काढतात, तेव्हाही मॅलिक भरपूर शिल्लक असते. इतके की मॅलोलॅक्टिक न केल्यास वाइन दात आंबवते.

म्हणून एकच प्रक्रिया दोन ठिकाणी दोन विरुद्ध कामे करते. उष्ण जागेच्या शार्डोनेत ती उरलेसुरले आम्लही उतरवते आणि वाइन सपक, पसरट होते. मग टार्टारिक आम्ल विकत आणून घालावे लागते, ज्याला कॅलिफोर्नियात मुभा आहे. थंड किनाऱ्यावर तीच प्रक्रिया टोचणारे आम्ल पिण्याजोगे करते आणि तरी ताठपणा उरतो. याचा सर्वांत चांगला दाखला इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या कॅलिफोर्निया शार्डोनेचा आहे. 24 मे 1976 रोजी स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्या झाकून जी चाचणी घेतली तिच्यात पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली शातो मॉन्टेलेनाची 1973ची शार्डोने. वायनरी नापाची, पण द्राक्षे बहुतांश सोनोमातली, त्यांतला मोठा वाटा उबदार अलेक्झांडर व्हॅलीचा. आणि वाइनमेकर माइक गर्गिच यांनी तिच्यात मॅलोलॅक्टिक होऊ दिले नव्हते. फळच कमी आम्लाचे, ते घालवून चालणार नव्हते. दुसरी आली मर्सोच्या रूलो घराण्याची वाइन, थंड जागेची, जिथे मॅलोलॅक्टिक हा रिवाजच आहे. रूलो घराण्याच्या त्याच तळघरात 1980च्या दशकात टेड लेमन हा तरुण अमेरिकी वाइनमेकर नेमला गेला. परत येऊन त्याने 1993 साली लित्तोराई ही वायनरी काढली आणि सोनोमा किनाऱ्यावरच्या शार्डोनेला मर्सोचीच रीत लावली: पिंपात किण्वन, मॅलोलॅक्टिक, गाळ. 1978 साली स्थापन झालेली किस्लर ही वायनरीही हेच करते. दोघांच्या वाइन लोण्याच्या यादीत घालणारा परीक्षक विरळा. (स्परियर पुढे अकलूजच्या फ्रातेली वाइन्सशीही जोडले गेले, आणि फ्रातेली सोलापूर जिल्ह्यात शार्डोने पिकवते, हा योगायोग नोंदवण्याजोगा.)

अल्कोहोलचे कलम थोडक्यात निकालात काढता येते. थंड जागा म्हणजे कमी अल्कोहोल, ही समजूत संथ पिकण्याचा अर्थ चुकीचा लावल्याने झाली आहे. हंगाम लांब आणि कोरडा असेल तर थंड जागीही साखर चढते. सोनोमात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि ऑक्टोबरपर्यंत थांबायला फारशी आडकाठी नसते. 1990च्या दशकात या किनाऱ्याला नाव मिळवून देणाऱ्या काही शार्डोने चांगल्याच भरघोस होत्या. कोलकात्यात जन्मलेले सोमेलिए रजत पार आणि जास्मिन हर्श यांनी 2011 साली ‘इन परस्यूट ऑफ बॅलन्स’ (तोलाच्या शोधात) ही चळवळ सुरू केली. ती 2016पर्यंत चालली. सान फ्रान्सिस्कोच्या ज्या रेस्टॉरंटची वाइन-यादी पार पाहत, तिथे 14 टक्क्यांवरची शार्डोने वा पिनो न्वार ठेवायची नाही असा नियम होता. 2011मध्येच एका परिसंवादात पार यांनी कमी अल्कोहोलची समजून जी पिनो न्वार वाखाणली ती 15.2 टक्क्यांची निघाली. वाइनमेकरने आपल्या दोन बाटल्यांची लेबले मुद्दाम बदलली होती. पार यांच्या जिभेचा यात कमीपणा नाही. जिभेने तोल ओळखला, आकडा ओळखला नाही, आणि जिभेकडून अपेक्षाही तीच. शिवाय लेबलावरचा आकडा फार काटेकोर नसतो: अमेरिकी नियमांत 14 टक्क्यांवर एक टक्क्याची आणि त्याखाली दीड टक्क्याची सूट आहे. आकड्यासाठी द्राक्षे लवकर काढली तर मिळते ते कच्चे लिंबू, आणि ते ‘थंड हवामानाचा ताजेपणा’ म्हणून विकले जाते. पिकायच्या आधी काढलेले फळ उष्ण जागेचेही आंबटच असते.

मिठाची गोष्ट तर निव्वळ जाहिरात. वेलीच्या मुळांनी खडकाची किंवा मातीची चव शोषून ती मण्यापर्यंत नेली असे दाखवणारा पुरावा नाही. मुळे खनिजे घेतात ती विरघळलेल्या आयनांच्या रूपात, आणि वाइनमध्ये त्यांचे प्रमाण चव देण्याइतके क्वचितच असते. गोल्डरिज मातीचा गवगवा होतो, पण सेबास्टोपोलच्या बाजूची ही भुसभुशीत वाळूमिश्रित माती पाण्याचा उत्तम निचरा करते, म्हणून वेलीची अनावश्यक वाढ आवरते, एवढाच तिचा उपकार. चाखणाऱ्याला जे ‘खनिज’, ‘गारगोटी’, ‘काडेपेटी’ असे जाणवते त्यातला मोठा वाटा गंधकाच्या संयुगांचा असतो, आणि ती तयार होतात पिंपात, हवा न लागता गाळावर ठेवलेल्या वाइनमध्ये. उरलेले काम आम्ल करते: तोंडाला पाणी सुटते आणि मेंदू मिठाची आठवण काढतो. म्हणजे ज्या पिंपाला आणि गाळाला बचावपक्षाने हद्दपार केले, त्यांचीच कमाई समुद्राच्या नावावर जमा होते.

शेवटी ‘सोनोमा कोस्ट’ हे नावच. हा अधिकृत द्राक्षप्रदेश 1987 साली सोनोमा-कट्रेर या कंपनीच्या अर्जावरून आखला गेला. बाटलीवर ‘एस्टेट बॉटल्ड’ छापायचे तर बाग आणि वायनरी एकाच प्रदेशात असावी लागते, आणि या कंपनीच्या बागा विखुरलेल्या होत्या. त्यामुळे रेषा ओढली ती जवळजवळ पाच लाख एकरांना कवेत घेणारी. फोर्ट रॉसच्या कड्यापासून सान पाब्लो उपसागरापर्यंत सगळे एका नावाखाली आले, आणि समुद्राचे दर्शनही न होणाऱ्या बागा कागदोपत्री किनारी ठरल्या. ज्याला खऱ्या किनाऱ्याचे वेगळेपण सांगायचे होते त्याला रेषा आत आणखी ओढून घ्याव्या लागल्या: 2011 साली फोर्ट रॉस-सीव्ह्यू मंजूर झाला, मे 2022मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट. या दुसऱ्या प्रदेशात अ‍ॅनापोलिस, ऑक्सिडेंटल, फ्रीस्टोन या प्रत्यक्ष सागरी पट्ट्याचा समावेश झाला. जुने मोठे नाव मात्र रद्द झाले नाही. कड्यावरचा वाइनमेकर आज तिन्हींपैकी कोणतेही नाव लावू शकतो, आणि आतल्या उबदार बागेतली शार्डोनेही पूर्वीप्रमाणेच ‘सोनोमा कोस्ट’ म्हणून विकली जाते. नियम इतकाच की प्रदेशाचे नाव घातले तर 85 टक्के द्राक्षे त्या प्रदेशातली हवीत. बागेचे नाव छापले असेल तर ही अट 95 टक्क्यांवर जाते. तेव्हा बाटलीतली थंडी कुठून आली हे पाहायचे असेल तर ‘कोस्ट’ हा शब्द सोडून बागेचे नाव आणि तिची उंची शोधावी; लाकूड, लोणी आणि अल्कोहोल यांच्याविषयी लेबलाच्या पाठीमागे जे छापलेले असते ते वाचले नाही तरी चालते.